बहात्तर सेकंद

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरला ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला १०० प्रश्न आणि वेळ दोन तास. भागाकार करून बघा, दोन्हीकडे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंदच येतात. दहा वर्षांचं पोर आणि पंचविशी-तिशीतला पदवीधर, दोघांनाही तेवढेच. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांचा वर्ग मी घेते, आणि आमची शाळा राज्यसेवेचं उपकेंद्र असते तेव्हा समवेक्षक म्हणून त्याच वर्गात उभी असते. म्हणून हे ७२ सेकंद जातात कुठे, ते मला दोन्ही टोकांनी बघायला मिळतं. ते बघून जे मत झालंय ते लिहावंसं वाटलं, कारण माझ्या भाच्यासारखी कितीतरी मुलं आत्ता पुण्यात, संभाजीनगरात, आपापल्या तालुक्याच्या अभ्यासिकांत बसून हाच हिशेब करत असतील.

समवेक्षकाचं सुरुवातीचं काम गडबडीचं असतं. ओळखपत्रं तपासायची, उत्तरपत्रिका वाटायच्या, प्रश्नपुस्तिकेचा संच बरोबर लिहिलाय का ते पाहायचं, सह्या घ्यायच्या. हे सगळं आटोपलं की मात्र वर्गात फिरत राहण्यापलीकडे काही उरत नाही. कुणाचा प्रश्न कोणता ते आम्ही वाचत नाही, वाचायचंही नसतं. पण पान उलटतंय की नाही, हे न वाचताही कळतं. मी तेच बघत असते. कोण किती हुशार ते चेहऱ्यावरून कळत नाही, वेळ कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या हातून गेलाय ते पानांवरून कळतं.

एका वर्षीचा दुपारचा पेपर सांगते, सीसॅटचा, म्हणजे राज्यसेवा पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरचा. खिडकीकडच्या रांगेतला एक मुलगा पहिल्या अर्ध्या तासात झपाझप पुढे गेलेला. उतारे वाचताना पेन्सिलीने नव्हे, बोटाने ओळ धरत होता, घाई कुठेच नव्हती. मग एका पानावर तो थांबला. पानाच्या खालच्या मोकळ्या जागेत त्याने एक गोल काढला, गोलाभोवती अक्षरं मांडली. बैठकव्यवस्थेचं कोडं असणार. मी एक फेरी मारून आले तर पहिला गोल खोडून शेजारी दुसरा काढलेला. पुढच्या फेरीला तिसरा, त्यात बाण. पाय हलायला लागला होता. घंटा झाली, त्याने मान वर केली नाही. मी पुन्हा त्याच्या बाकापाशी आले तेव्हाही पान तेच होतं. नंतर एकदम त्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुढची पानं तो वाचत नव्हता, नुसती पालटत होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्याचं बॉलपेन उत्तरपत्रिकेवर ज्या वेगाने चालत होतं, त्या वेगाने प्रश्न वाचून होतच नाहीत.

हा मुलगा कच्चा नव्हता. कच्च्या मुलाने ते कोडं पाहताक्षणी सोडलं असतं आणि तो पुढे गेला असता. याला ते येत होतं. एक माणूस बसायचा राहिला होता, एवढंच. अजून अर्ध्या मिनिटात होईल, असं त्याला प्रत्येक अर्ध्या मिनिटाला वाटत राहिलं.

माझ्या पाचवीच्या वर्गात हीच गोष्ट वेगळ्या आवाजात ऐकू येते. सराव पेपर चालू असतो, मी म्हणते, पुढचा घे रे आता. उत्तर येतं, “बाई, सुटतंय जवळजवळ.” येतच नाही तो प्रश्न वेळ खात नाही. जवळजवळ सुटणारा प्रश्न वेळ खातो. स्पर्धा परीक्षेतल्या वेळेच्या नियोजनावर मुलं इतकं ऐकतात, तक्ते करतात, रंगीत पेनांनी वेळापत्रकं आखतात, पण हा एक मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो आणि त्याचा सराव मात्र कुणी करत नाही.

करणार कसा? आम्ही शाळेत उलटंच शिकवतो. दहावीचं गणित भाग १ घ्या. ४० गुण, दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. आणि पेपरावरची पहिलीच सूचना, ‘सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे.’ उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण मिळतात, म्हणून आम्ही सांगत असतो, येईल तेवढं लिही, काही सोडू नकोस. बोर्डाच्या परीक्षेसाठी ते योग्यच आहे. पण हीच मुलं पुढे राज्यसेवेला, यूपीएससीला, नीटला बसतात, तेव्हा पायऱ्यांना काही मोल नसतं. गोल काढून, बाण काढून सात माणसं बरोबर बसवली आणि आठवा राहिला, तरी उत्तरपत्रिकेवर त्याचा काही मागमूस उरत नाही. एखादा प्रश्न आपण होऊन सोडणं म्हणजे हार, ही भावना दहा-बारा वर्षं आम्हीच त्यांच्यात मुरवलेली असते. मग ऐन परीक्षेत अनोळखी वर्गात, घाम पुसत, ती दोन तासांत कशी जावी?

सोडलेला प्रश्न मनातून जात नाही, ही मुलांची खरी तक्रार. “मावशी, पुढचा वाचतोय पण डोक्यात मागचाच चालू असतो गं,” असं भाचा मला फोनवर म्हणाला होता. यात त्याचा दोष नाही. अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडलं होतं, बी. एड.ला आम्हाला ते होतं. त्यापुढची गोष्ट मला नंतर वाचनात आली आणि ती जास्त कामाची वाटली. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं, की अर्धवट काम पूर्ण केलं नाही तरी चालतं, ते कधी आणि कसं करायचं एवढं पक्कं ठरवलं तरी ते मनाला टोचायचं बरंच थांबतं. भाच्याला मी हे सगळं सांगत बसले नाही. त्याला म्हटलं, सोडताना प्रश्नाच्या आकड्याशेजारी खूण कर. दोनच पर्याय उरलेत तर एक गोल. पद्धत माहीत आहे पण वेळ लागेल, तर गोलात टिंब. काहीच माहीत नाही, तर फुली. खूण केलीस की त्या प्रश्नाची वेळ ठरली. गोलवाले दुसऱ्या फेरीत, टिंबवाले त्यानंतर, आणि फुलीवाल्यांकडे वळून बघायचंही नाही. प्रश्नपुस्तिकेवर खुणा करायच्या, उत्तरपत्रिकेवर चुकूनही नाहीत.

त्याची दुसरी तक्रार होती, की सराव चाचण्यांत अटेम्प्ट नव्वदच्या वर जातो, पण गुण हलत नाहीत. मी म्हटलं, गुण नकोत सांगू, प्रश्नपुस्तिकेचे फोटो पाठव. त्याला नवल वाटलं. फोटो आले. मी फक्त कच्चं काम कुठे दाट आहे ते बघत गेले. पहिल्या काही पानांवर शाईच नाही, मधे एका पानावर समासापासून समासापर्यंत आकडेमोड, मग पुन्हा कोरी पानं आणि शेवटी शेवटी प्रश्नांखाली साधी रेघही नाही. वेळ कुठे सांडला ते त्या एका पानाने सांगितलं. तुम्हीही तुमची सोडवलेली प्रश्नपुस्तिका अशी एकदा बघा. बरोबर-चूक न तपासता, नुसती शाई बघा.

मग आम्ही दोघांनी फोनवर दोन तासांची मांडणी केली. सामान्य अध्ययनाच्या पेपरला १२० मिनिटं, पण उत्तरपत्रिकेवर एक गोल नीट काळा करायला पाच-सहा सेकंद लागतात. शंभर गोलांना दहा मिनिटं तिथेच गेली. म्हणजे ७२ सेकंद हेही कागदावरचेच, हातात येतात ६६. तरीही सगळ्या प्रश्नांना सारखी वाटणी करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या नदीचा साधा प्रश्न वीस सेकंदांत होतो, चार विधानांचा प्रश्न नुसता वाचायलाच चाळीस सेकंद लागतात. म्हणून पहिली फेरी ७५ मिनिटांची: पहिल्या प्रश्नापासून शंभराव्यापर्यंत सगळं वाचायचं, येतं ते सोडवायचं, बाकीच्यांना खुणा. दुसरी फेरी अर्ध्या तासाची, फक्त गोलवाल्या आणि जमल्यास टिंबवाल्या प्रश्नांची. उरलेली पंधरा मिनिटं हाताशी. घड्याळ बघायचं ते २५, ५० आणि ७५ या तीन प्रश्नांवर. दर प्रश्नाला मान वर करणारी मुलं मी बघते, त्यांना वेळ कळत नाही, नुसती धडकी भरते.

गोल कधी काळे करायचे यावर अभ्यासिकांत बरेच वाद असतात म्हणे. माझं मत ठाम आहे: पान संपलं की त्या पानावरचे काळे करायचे. सगळे शेवटी करू म्हणणाऱ्यांचे शेवटच्या पाच मिनिटांतले हात मी पाहिलेत. एक क्रमांक सुटला की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात आणि बॉलपेनची शाई खोडता येत नाही. आणि प्रश्न सोडून सोडून पुढे जाणाऱ्याला तर हा धोका दुप्पट, म्हणून गोल काळा करण्याआधी प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणायचा. पाचवीची मुलं पुटपुटतात, ती चांगली सवय आहे, मोठेपणी लाजून मोडू नये.

आता किती सोडवायचे हा प्रश्न. परीक्षेहून आलेल्या पोराला घरचे आणि मित्र पहिलं हेच विचारतात, किती अटेम्प्ट केलेस? या आकड्याने मुलांचं फार नुकसान केलंय. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. समजा ७० प्रश्न पक्के आले आणि ३० उरले. त्या तिसांवर डोळे मिटून खुणा केल्या, तर चारात एक या हिशेबाने सात-आठ बरोबर येतील, बाकी चुकतील, आणि सरासरीने हातात पडतील पावणेचार गुण. नशीब जरा फिरलं आणि चारच बरोबर आले तर पाच गुण उलटे जातील. यूपीएससीत कपात एक तृतीयांश असल्याने तिथे असल्या अंदाजाची सरासरी कमाई शून्य. पण त्याच ३० प्रश्नांत जर दोन-दोन पर्याय विचार करून बाद करता आले, तर राज्यसेवेच्या हिशेबाने सरासरी साडेबावीस गुण येतात. पावणेचार कुठे आणि साडेबावीस कुठे! दोन पर्याय बाद करायला मात्र शांतपणे वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या गोल टेबलाच्या कोड्यातून वाचवलेलाच असतो. दुसरीकडून कुठून येणार?

ज्यांना एमएचटी-सीईटी द्यायची आहे त्यांच्यासाठी हा हिशेब निराळा. तिथे नकारात्मक गुण नाहीत, म्हणून एकही जागा कोरी ठेवायची नाही. भौतिक-रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, प्रश्नाला ५४ सेकंद, आणि गणिताला ५० प्रश्नांना तेवढीच ९० मिनिटं. ज्याची त्याची परीक्षा, ज्याचा त्याचा हिशेब, पण तो घरी करून जायचा.

सीसॅटला मुलं विनाकारण जास्त घाबरतात. आता तो पेपर पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ६६ गुण लागतात. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. एकही न चुकता २७ प्रश्न आले तरी काम झालं. ऐंशीतले सत्तावीस! ज्याला हा आकडा माहीत आहे तो उतारे आधी घेतो, निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नसतात म्हणून ते सगळे सोडवतो, आणि आपल्याला जमणारी गणितं निवडतो. खिडकीकडच्या त्या मुलाला ते कोडं सुटलं नसतं तरी काहीच बिघडणार नव्हतं, हे मला आजही चुटपुट लावतं. मधे जाऊन त्याला सांगण्याची सोय नसते. समवेक्षकाने बोलायचं नसतं.

मन शांत ठेवा, असं मुलांना सगळेच सांगतात. मी सांगत नाही. धडधड होणारच, आयुष्यातलं वर्ष लागलेलं असतं त्या दोन तासांवर. कुणाच्या घरी बाप शेतात राबतोय, कुणाची बहीण लग्न लांबवून याचा खर्च करतेय, हे डोक्यात घेऊनच ती मुलं बाकावर बसलेली असतात. त्यांना धडधडू नकोस म्हणणं खोटं आहे. धडधड झाल्यावर हाताने काय करायचं, ते सांगता येतं. भाच्याला सांगितलं ते हेच: डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली की पेन बाकावर ठेव. हातात धरून नको, खाली ठेव. तळवे रुमालाला पूस, उत्तरपत्रिकेवर घाम लागू देऊ नकोस. श्वास घेण्याकडे लक्ष देऊ नकोस, सोडण्याकडे दे. घेतलास त्याच्या दुप्पट वेळ लावून सोड. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते, ही शरीराचीच रचना आहे. असे तीन श्वास. मग पुढचा प्रश्न पहिल्या शब्दापासून, मनातल्या मनात पण शब्द न् शब्द वाच. वीस-पंचवीस सेकंद गेले. पेपराचे ७२०० सेकंद असतात.

आणि एक, पेपराच्या आधीचं. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बाइलॉक या संशोधकांनी २०११ मध्ये असं दाखवलं, की परीक्षेच्या आधी दहाएक मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या मुलांची, विशेषतः फार घाबरणाऱ्यांची, परीक्षा चांगली जाते. डोक्यातली हिशेबाची जागा काळजीने अडवलेली असते, ती मोकळी होते. मी हे पाचवीत करून बघितलं. सराव पेपराच्या आधी एक कोरा कागद देते, नाव घालायचं नाही, मी वाचणार नाही, लिहून झालं की फाडून टाकायचा. पहिल्या वेळी मुलं एकमेकांच्या कागदात डोकावत होती. आता कुणी मान वर करत नाही.

दोन पेपरांच्या मधल्या वेळेबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. सकाळचा पेपर सुटतो आणि मुलं आमच्या मैदानात वडाच्या पारावर डबे उघडतात. राज्यसेवेत उत्तरपत्रिकेची प्रत उमेदवाराजवळ राहते. ती प्रत मांडीवर, डबा बाजूला, आणि जुळवाजुळव सुरू. तुझं काय आलं, माझं दोन आलं, अरे ते चुकलं. एकेकाचा चेहरा उतरत जाताना मी व्हरांड्यातून बघते. त्यातल्या कितीतरी ‘चुका’ चुका नसतातही, चौघांतल्या मोठ्याने बोलणाऱ्याचं मत असतं ते. पण तेच ओझं घेऊन ही मुलं दुपारच्या पेपराला बसतात. सकाळचा पेपर आता बदलणार नाही. ती प्रत घडी घालून पिशवीत तळाशी ठेवा, जेवा, पाणी प्या, पाय मोकळे करा, कुणी विचारलं तर संध्याकाळी बोलू म्हणा. प्रत्येक वर्षी कुणी ना कुणी एक मुलगी अशी असते, जी एकटी लांब जाऊन भिंतीला टेकून डोळे मिटून बसते. तिला शिष्ट म्हणतात. म्हणू देत.

शाळेत आता मी एक बदल केलाय. दर सोमवारी शिष्यवृत्तीच्या मुलांना दहा प्रश्नांचा कागद देते, वेळ आठ मिनिटं, आणि अट अशी की आठच सोडवायचे. दोन सोडायचेच. कोणते दोन सोडले आणि का सोडले, ते खाली एका ओळीत लिहायचं. दहाही सोडवले तर मी तपासत नाही. सुरुवातीला हुशार मुलंच रडकुंडीला आली. एका मुलाची आई भेटायला आली, म्हणाली, “बाई, त्याला दहाही येत होते, तुम्ही मुद्दाम का अडवताय?” मी तिला बसवून घेतलं, तिच्या मुलाचे मागचे तीन सराव पेपर दाखवले. प्रत्येकात शेवटचे आठ-नऊ प्रश्न कोरे आणि मधे एका गणिताखाली पान भरून आकडेमोड. तिने बराच वेळ ती पानं पाहिली आणि विचारलं, घरी असा कागद कसा काढायचा. मी सांगितलं, शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतले कुठलेही दहा घ्या, त्यात एक मुद्दाम लांबलचक घाला.

परवाच्या सोमवारी एका मुलीने सोडलेले दोन्ही प्रश्न अपूर्णांकांचे होते. वर्गात इतरांनी ते पहिल्या फटक्यात केले होते. खाली तिने लिहिलं होतं, ‘मला अपूर्णांक येतात पण वेळ लागतो, शेवटी केले असते.’ तिचे बाकीचे आठही बरोबर होते. येत्या सोमवारपासून तिला वेगळे पाच अपूर्णांक रोज देणार आहे, परीक्षेला अजून दोन महिने आहेत.